दुसऱ्याच्या घरचा यजमान

बाकीच्या आयांना आपल्या मुलाला काही होईल की काय, अशी काळजी असते. बेलापूरच्या विजयमालाबाईंची काळजी वेगळी होती. आपल्या राधाकृष्णाला काहीच होणार नाही, जे काय व्हायचं ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला होईल, असं त्यांना वाटे. हे वाटणं सकाळी चहाच्या आधणाबरोबर सुरू होई आणि शाळेत आठवीच्या वर्गाला समीकरणं शिकवतानाही डोक्यातून जात नसे.

राधाकृष्ण त्यांचा एकुलता एक. वय तेवीस, उंच, केस कानांवर आलेले, चेहऱ्यावर सदैव कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा आनंद. गावात त्याला दिलदार म्हणत. हा शब्द ऐकला की विजयमालाबाईंचं तोंड कडू होई, कारण तो दिलदारपणा कुणाच्या जिवावर चालतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानं पहिली मेजवानी दिली ती सातव्या वर्षी. शेजारच्या सहादेव पाटलांच्या बागेतले पेरू काढले, सगळ्या आळीची पोरं गोळा केली आणि बागेच्या दारात उभा राहून "घ्या रे, लाजू नका, आपलेच हायेत" म्हणत वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही. विजयमालाबाईंना खटकलं ते हेच. खाण्यासाठी चोरणारं पोर एका धपाट्यात सुधारतं. पण दुसऱ्याचं उचलून तिसऱ्याला देणारं आणि त्या देण्याचं सुख घेणारं पोर कसं सुधारायचं, हे त्यांना बी. एस्सी.च्या कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

पुढे तो परक्या लग्नांत पंक्तीमधून फिरू लागला. "अहो मामा, अजून एक जिलबी घ्या, माझ्या हातची घ्या." मुलीचा बाप कोपऱ्यात घाम पुसत असे, आणि पाहुणे राधाकृष्णाचा निरोप घेऊन जात. नगरला कॉलेजात पाठवला तर दोन वर्षं दुसऱ्याच्या सायकलवर फिरला, दुसऱ्याच्या वह्यांवर नापास झाला आणि स्नेहसंमेलनाचा सेक्रेटरी होऊन परत आला. तेव्हापासून तो 'शेती बघत' होता. म्हणजे आप्पासाहेब, त्याचे वडील, शेती करत आणि हा बघे.

प्रत्येक वेळी मागाहून जाऊन निस्तरण्याचं काम विजयमालाबाईंचं. सहादेव पाटलांकडे आंब्यांची पाटी गेली. मोडकी सायकल नीट होऊन गेली. फाटलेल्या वह्या त्यांनी स्वतः बसून उतरवून दिल्या. आप्पासाहेब म्हणत, "पोराचं मन मोठं हाय." असेल. पण ते मोठं मन ठेवायला त्यानं जागा नेहमी दुसऱ्याची घेतली होती.

तर त्र्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, दुष्काळानं पूर्वेकडची सगळी गावं खडी फोडायला बसवलेली असताना, राधाकृष्णाच्या मनात आलं की दोन दिवस दोस्तांना पुणं दाखवावं. जीप मिळाली ती काकासाहेबच्या मामाची. काकासाहेब हा त्याचा गावातला जिवलग, बोलायला तिखट आणि कामाला थंड. आणखी दोघं मागच्या बाकावर कोंबले. राहायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता. गहिनीनाथची खोली होती.

गहिनीनाथ हा बनुबाईचा मुलगा. बनुबाई मिरजगावकडची. दर हंगामाला ऊस तोडायला बेलापूरच्या शिवारात येई, पाचटाच्या कोपीत राही आणि हंगाम संपला की परत जाई. नवरा वारल्यावर दीर-जावेबरोबर येऊ लागली. एका वर्षी तिनं पोराला विजयमालाबाईंच्या शाळेत आणून बसवलं. त्या पोराला गणित असं येई, की बाई फळ्यावर लिहीत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघून आपली चूक ओळखत. त्यांनी त्याला हंगामानंतरही जाऊ दिलं नाही. गोठ्याशेजारची खोली दिली, अकरावीपर्यंत शिकवलं. आता तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि वसतिगृहात राहत होता. राधाकृष्णाच्या बरोबरीचा, त्याला 'राधा' म्हणणारा. पण या घरचं मीठ खाल्लंय हे तो कधी विसरला नाही, आणि राधाकृष्णानंही त्याला ते विसरू दिलं नाही.

शनिवारी सकाळी जीप निघायच्या वेळी बनुबाई फाटकाशी आली. हातात फडक्यात बांधलेली गाठोडी.

"बाई, राधादादा पुन्याला चाललाय म्हनं. माझ्या गहिन्याला येवढं द्यायला सांगा. भाकरी हायेत आन् शेंगदान्याची चटनी. लई न्हाई, घरात हुतं तेवढंच."

"मावशे, मलाच दे की," राधाकृष्णानं जीपमधून हात पुढं केला. "गहिन्याच्या हातात ठेवतो बघ, मगच पानी पितो."

बनुबाईनं त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. विजयमालाबाईंनी ते बघितलं आणि त्या आत निघून गेल्या.

रविवारी दिवेलागणीला जीप परत आली. काकासाहेब आणि राधाकृष्ण जेवायलाच बसले. विजयमालाबाई वाढत होत्या. आप्पासाहेब सुपारी कातरत ऐकत होते. जगातलं सगळं शहाणपण दोन दिवसांत बघून आल्यासारखं दोघं बोलत होते.

"काकू, काय ते शहर," काकासाहेब म्हणाला. "संध्याकाळी नुसती पोरं आन् पोरी रस्त्यावर. कुणाला काही कामच न्हाई."

"तुम्हाला घरच्यासारखं वाटलं असेल," विजयमालाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब हसले. काकासाहेबही हसला, त्याला टोमणे लागत नसत. "इराण्याच्या हॉटेलात बसलो आम्ही तीन तास. एक चहा, एक बनमस्का, परत एक चहा. शेजारच्या टेबलावर चार पोरी. राधा त्यांच्याकडं न बघता असा बसला होता, की मलाच त्याच्याशी वळख काढावी वाटली."

"बघितलं न्हाई म्हनूनच त्या बोलल्या," राधाकृष्ण म्हणाला.

"तू न बघितल्यानं न्हाई, नळीमुळं बोलल्या."

"कसली नळी?" विजयमालाबाईंनी विचारलं.

राधाकृष्णानं भाताकडे बघितलं. काकासाहेबला थांबता आलं नाही. "अहो, त्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडं असते न्हाई का, पत्र्याची लांब गोल. ड्रॉइंगचे कागद ठेवायची. राधानं ती खांद्याला लावली आन् हातात रेघा मारायचा तो लाकडी टी. काय रुबाब काकू! रस्त्यानं जाणारा पोरगा थांबून विचारतोय, काय रे, सबमिशन झालं का? राधा म्हनतो, अजून दोन शीटं राहिलीत. आन् हॉटेलात ती पोरगी म्हनाली, कोणतं वर्ष? राधा म्हनाला, थर्ड इयर, मेकॅनिकल. ती म्हनाली, काय शिकवतात हो तुम्हाला? राधा म्हनाला, मशीन."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मी सिव्हिल. आमच्या गावचा रस्ता मीच केलाय, म्हनून तुम्ही तिकडं येऊ नका."

आप्पासाहेबांना ठसका लागला. मग वसतिगृहातल्या रविवारच्या फीस्टचं निघालं. श्रीखंड होतं. गहिनीनाथच्या पाहुण्यांच्या कुपनांवर चौघं जेवले, आणि राधाकृष्णानं मेसमध्ये फिरून त्या वसतिगृहातल्या पोरांनाच आग्रह केला. "लाजू नका, घ्या अजून," असं तो त्यांच्याच श्रीखंडाचं त्यांना म्हणत होता. ती पोरं विचारत होती, हा कोण? आणि राधाकृष्ण सांगत होता, गहिनीनाथ आमच्याच घरचा.

"आणि बनुबाईची चटणी?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"ती शिरूरच्या अलीकडंच संपली," काकासाहेब सहज बोलून गेला. "काय चटणी होती पन."

विजयमालाबाईंनी भाताची पातेली खाली ठेवली. राधाकृष्ण म्हणाला, "आई, गहिन्याला श्रीखंड मिळालं की. भाकरी काय करायची त्याला?" ते श्रीखंडही गहिनीनाथच्याच नावावर होतं, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही. विजयमालाबाईंना तरुणपणी पुण्यात काढलेली चार वर्षं आठवली. त्यांच्याही वर्गात अशी मुलं होती, संमेलनात पुढे आणि जर्नलच्या दिवशी दुसऱ्याच्या खोलीत. त्यातली बरीच पुढे मोठ्या पदांवर गेली होती. तोही दिलासा नव्हता.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास काकासाहेब परत आला. ओट्यावर आप्पासाहेबांपाशी पाच-सहा जण कालव्याच्या पाण्याच्या पाळीचं बोलत बसले होते. काकासाहेब त्यांच्यामधून वाट काढत माजघरात आला. काखेत पत्र्याची लांब नळी.

"काकू, राधा उठला का? हे जीपच्या सीटखाली राहिलं हुतं. मामा ओरडायला लागला, हे कसलं धुराडं म्हनून." नळी दाराशी टेकवून तो गेला.

विजयमालाबाईंनी झाकण काढलं. आत अकरा शीटं होती, एकात एक गुंडाळलेली. त्यांनी ती पाटावर उलगडली. शाईच्या रेघा केसाइतक्या बारीक आणि सगळीकडे सारख्या. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात गहिनीनाथचं नाव, रोल नंबर, आणि शेजारी लाल शाईत प्राध्यापकांची सही आणि तारीख. तारखा जुलैपासूनच्या. सगळ्यात बाहेरच्या शीटवर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं होतं. नळीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली, गहिनीनाथच्याच अक्षरात: सबमिशन, सोमवार, संध्याकाळी पाचपर्यंत.

त्यांनी राधाकृष्णाला उठवलं नाही. तो उठून, तोंड धुऊन, चहाला येईपर्यंत त्या पाटापाशी बसून राहिल्या. त्याला नळी दिसली तसा तो जरासा थबकला, मग चहाची बशी ओढून बसला.

"आज पाच वाजता ही द्यायची आहेत," त्या म्हणाल्या.

"व्हय, तो म्हनत हुता काहीतरी."

"त्यानं शोधली असतील."

"शोधली की. रविवारी दुपारी. कॉटखाली, कपाटामागं." तो चहा फुंकत होता. "मला विचारलं, राधा, तू बाहेर नेलं होतंस का?"

"मग?"

"आई, तिथं त्याच्या हॉस्टेलची चार पोरं उभी हुती. त्यांच्यासमोर मी काय म्हननार, की याची नळी घेऊन मी रस्त्यानं हिंडलो? तीच पोरं मेसमध्ये माझ्याशी हसून बोलत हुती."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, मी कशाला नेऊ? टी तर मी आल्याबरोबर भिंतीला लावला होता. नळी जीपमध्ये राहिली, हे आठवलं मला, पन मग एकदा न्हाई म्हटल्यावर कसं सांगायचं."

"आणि तो काय करणार असं तुला वाटलं?"

"मी त्याला म्हटलं, तुझ्या खोलीतला तो कोकणातला पोरगा बघ, गप्प गप्प असतो. तुझ्याच वर्गातला हाय. त्यानं ठेवली असंल कुठं." त्यानं बशी खाली ठेवली. "मला वाटलं, नंतर नळी सापडंलच. मग काय, विषय संपला."

विजयमालाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा खोटं बोलत असताना कधीच ओशाळा दिसत नसे. पाहुण्यांची ताटं वाढताना जसा दिसे, तसाच दिसे. त्याच्या मते त्यानं तिथंही सगळ्यांचं समाधानच केलं होतं. पोरांचं केलं, गहिनीनाथला शोधायला एक जागा दिली, आणि त्या कोकणातल्या पोराला काय दिलं याचा विचार करण्याची त्याला गरज पडली नव्हती.

"शीटं नसली तर टर्म मिळत नाही," त्या म्हणाल्या. "टर्म नाही तर परीक्षा नाही. त्याचं एक वर्ष जाईल. त्याला मिळणारी सवलत जाईल, मग वसतिगृह जाईल. त्याची आई ऊस तोडतेय."

"परत काढंल की. गहिन्याला कष्टाची सवय हाय."

एवढ्यात फाटकाशी बैलगाडी थांबली. ऊस भरून कारखान्याकडे निघालेली. बनुबाई खाली उतरून आत डोकावली, अंगावर पाचटाचे ओरखडे, कमरेला कोयता.

"राधादादा, गहिन्या बरा हाय न्हवं? भाकरी पोचल्या का?"

"पोचल्या, मावशे," राधाकृष्ण हसून म्हणाला. "चटणी लई आवडली म्हनं."

"कोरडी तर न्हवती झाली?"

"छे. झकास हुती."

बनुबाई समाधानानं गाडीकडे गेली. राधाकृष्णाच्या चेहऱ्यावर तेच लग्नातलं हसू होतं. चटणीबद्दल तो खोटं बोलला नव्हता, चव त्यानं घेतलीच होती.

विजयमालाबाई उठल्या. बेलापूरहून एस. टी.नं पुण्याला पोचायला आठ तास लागत. नगरला गाडी बदलायची, आणि नगरची पुढची गाडी वेळेवर असेल तर. नऊची गाठली तरी पाच वाजून जाणार. काकासाहेबचा मामा चिडलेला, तो आता जीप देणार नव्हता. आधी कॉलेजात कळवायला हवं होतं, आणि कळवायला घरातला फोन होता. तो बाहेरच्या बैठकीत, ओट्याला लागून, स्टुलावर. लांबचा फोन म्हणजे घशाच्या शिरा ताणून बोलावं लागे. तेव्हा जे बोलायचं, ते ओट्यावरची माणसं ऐकणार.

त्यांनी आप्पासाहेबांना आत बोलावून सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी नळीकडे बघितलं, मग मुलाकडे.

"गाढवपना केला," ते म्हणाले. "पन आता पोराला बदनाम नको करू. अकोल्याकडनं त्याला सोयरीक आलीय, बाहेर बसलेत त्यातला एक त्यांचा मेहुना हाय. फोन कर, पन सांग, गहिनीनाथ शनिवारी इकडं आला हुता, शीटं इथंच विसरला. त्यात काय बिघडलं?"

"बरोबर," राधाकृष्ण म्हणाला. "तसंच सांग, आई. म्हंजे कुनाचंच नाव येत न्हाई."

"गहिनीनाथचं येतंय."

"त्याचं काय, तो घरचाच."

"तो दोन्ही दिवस वसतिगृहात होता, हे तिथल्या शंभर पोरांनी बघितलंय," विजयमालाबाई म्हणाल्या. "तुझ्याबरोबर श्रीखंड खाताना. काल त्यानं वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं असेल की शीटं खोलीतून गेली. आज मी सांगू की घरी विसरला? म्हणजे तो खोटारडा ठरेल. आणि त्याच्या खोलीतला तो मुलगा चोर ठरलाच आहे."

"गहिन्या कुनाला बोलनार न्हाई," राधाकृष्ण म्हणाला. "त्याला कळलं तरी तो माझं नाव घेनार न्हाई."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं, आणि त्यांना त्याचीच भीती होती. गहिनीनाथला नळी जीपमध्ये गेली हे एव्हाना कळलंही असेल. चार पोरांसमोर तो गप्प राहिला असेल, प्राध्यापकांसमोर मान खाली घालून उभा राहिला असेल, आणि वर्ष गेलं तरी सुट्टीत येऊन त्यांच्या पाया पडला असता. या घरानं त्याला खोली दिली, त्याच्या बदल्यात त्याचं तोंडही ठेवून घेतलं, हा विचार इतक्या वर्षांत त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. आंब्यांची पाटी पाठवून भरून येणारं हे नव्हतं. गपचूप निस्तरायला इथं वाव नव्हता. कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं, की शीटं गहिनीनाथची आहेत, सही झालेली आहेत, आणि ती माझ्या मुलानं नेली.

"अहो, नऊच्या गाडीला कुणाला तरी सांगा, माझ्यासाठी जागा धरायला," त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या. "शाळेत निरोप द्या, आज येत नाही."

"तू जानार?"

"शीटं मी नेणार. हा बरोबर येईल."

"मी?" राधाकृष्ण म्हणाला. "मी तिथं काय करू?"

"त्या कोकणातल्या मुलाला सांग, नळी तू नेली होतीस. चार पोरांसमोर सांग. तीच चार पोरं."

राधाकृष्णाचं हसू पहिल्यांदाच जरा कमी झालं. तो बापाकडे बघू लागला. आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले, "निदान फोन तरी राहू दे. गाडीत बसून जा. पाचाला नाही तर सहाला पोचाल, मास्तर ऐकतील."

"पाचाला दार बंद केल्यावर कुणी ऐकत नाही. मी त्या शहरात चार वर्षं काढलीत."

त्यांनी शीटं नीट गुंडाळून नळीत घातली, झाकण लावलं आणि नळी काखेत घेऊन बैठकीत आल्या. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. बाई शाळेच्या वेळेला फोनपाशी कशा, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. मेहुणे म्हणून सांगितलेले गृहस्थ पान लावत होते. विजयमालाबाईंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि रिसीव्हर उचलून गावच्या एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरला गाठलं.

"आसाराम, मी विजयमाला बोलतेय. पुण्याला अर्जंट ट्रंक कॉल लाव. इंजिनिअरिंग कॉलेजचं ऑफिस. पी. पी. कॉल, मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांच्या नावानं."

"बाई, पुण्याची लाइन आज खराब हाय," पलीकडून आसाराम म्हणाला. "लागली तरी लई मोठ्यानं बोलावं लागंल."

"मोठ्यानंच बोलणार आहे," त्या म्हणाल्या, आणि स्टुलाशेजारची खुर्ची ओढून बसल्या.